अनुदान थांबलं की विक्रीही थांबते?

अनुदान बंद झालं की लोक विजेच्या गाड्या घेणं सोडतात, म्हणजे सगळा खेळ सरकारी पैशाचाच, असं काही जण म्हणतात. अर्धं पटतं. जर्मनीने डिसेंबर 2023 मध्ये अनुदान अचानक बंद केलं आणि 2024 मध्ये तिथली विक्री घसरली, हे खरंच आहे. पण धोरण म्हणजे फक्त ग्राहकाला दिलेली सवलत नव्हे. युरोपीय संघाचा उत्सर्जन नियम थेट उत्पादकाला धरतो: विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांचं किलोमीटरमागचं सरासरी कार्बन उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेत हवं, नाहीतर जादा प्रत्येक ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीसाठी 95 युरो दंड. हिशेब करून बघा. वर्षाला दहा लाख गाड्या विकणारी कंपनी मर्यादेपेक्षा फक्त 5 ग्रॅम वर गेली, तर दंड 47.5 कोटी युरो! त्यापेक्षा विजेची गाडी कमी नफ्यात विकणं परवडतं. किलोमीटरमागे 95 ग्रॅमचं लक्ष्य 2020 मध्ये लागू झालं आणि त्याच एका वर्षात युरोपातल्या नव्या गाड्यांमधला विजेच्या गाड्यांचा वाटा (प्लग-इन हायब्रिड, म्हणजे चार्ज होणारी बॅटरी आणि इंधनाचं इंजिन दोन्ही असलेल्या गाड्या, धरून) साडेतीन टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर गेला. अनुदानांचाही हात होता, पण इतकी मॉडेल्स शोरूममध्ये आणली ती या दंडाच्या धाकाने.

मला खटकते ती प्लग-इन हायब्रिडची पळवाट. चाचणीत ही गाडी बरंचसं अंतर बॅटरीवर कापते असं गृहीत धरतात, प्रत्यक्षात कित्येक जण ती चार्जच करत नाहीत. कागदावर उत्सर्जन कमी आणि रस्त्यावर कितीतरी जास्त. अनुदानाइतकीच चर्चा या मोजमापावर व्हायला हवी.