मदत हवी आहे: रीयुनियन बेटावर कॅन्यनिंग

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये मी आणि धाकटी बहीण हिंदी महासागरातल्या रीयुनियन या फ्रेंच बेटावर जातोय. सिलाओसच्या फ्लर जोन घळीत गाइडसोबत कॅन्यनिंग (वाहत्या पाण्याच्या घळीतून दोराने, उड्या मारत, पोहत खाली उतरणं) करायचंय. डिसेंबर ते मार्च तिथे चक्रीवादळांचा काळ, म्हणून ऑक्टोबर.

सांधण दरीत रॅपलिंग केलंय, पण कोरड्या कातळावर. अंगावर धबधबा घेत दोराने उतरणं वेगळंच असणार. त्यात बहिणीला पोहता येत नाही, तिचीच खरी काळजी. उडी टाळून कुंडात दोरानेच उतरवतात का? वेटसूट तिथे मिळतो ना? बूट इथून न्यावेत का?

दुगारवाडी धबधब्याला पाणी कसं अचानक वाढतं, हे आपण नाशिककर जाणतो. म्हणून वर डोंगरात पाऊस दिसला की सहल रद्द करणारा, इंग्रजी बोलणारा गाइडच हवा. कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.