मोठेपणी दात सरळ करायचे : तारा की अलायनर?

बी-४०२ : नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, पण टँकरची चर्चा आज थांबलेली दिसते म्हणून विचारतो. माझे वय ४१ आहे. खालचे पुढचे दात गेल्या काही वर्षांत एकमेकांवर चढले आहेत, आणि ब्रश नीट पोहोचत नसल्यामुळे तिथे सतत किटण साचते. एका डॉक्टरांनी धातूच्या तारा सुचवल्या, दुसऱ्यांनी पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे, ज्यांची जोडी ठरावीक काळाने बदलत जायची. दोन्हींच्या खर्चात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कोणी मोठेपणी हे उपचार घेतले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

ए-१०३ : आमच्या वेळी तारा शाळकरी मुलांना लावत. हाडे पक्की झाल्यावर दात हलवणे धोक्याचे नाही का?

सी-२०१ : काका, शंका रास्त आहे, मीही ३८ व्या वर्षी हीच शंका घेऊन गेले होते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तो तंतूंच्या पातळ आवरणाने हाडाशी जोडलेला असतो. एका बाजूने हलका दाब सतत राहिला की दाबाच्या दिशेचे हाड विरघळते, मागे नवे हाड भरते, आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर या गतीने सरकतो. हे साठीनंतरही घडते. मुलांच्या जबड्याच्या वाढीला वळण देता येते, तेवढी सोय मात्र आपल्याला नसते.

मोठ्यांचे खरे दुखणे हिरड्यांचे. हिरड्या सुजलेल्या आणि दातांभोवतीचे हाड आधीच कमी झालेले असताना तारा लावल्या, तर दात सरळ होण्याऐवजी खिळखिळे होण्याची भीती असते. माझ्या डॉक्टरांनी आधी सफाई आणि हिरड्यांचे उपचार केले व दोन महिने तारेचे नावच काढले नाही. तेव्हा मला राग आला होता, हेही कबूल करते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी, आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, कारण त्यांतल्या काही औषधांनी दात सरकणे मंदावते.

बी-४०२ : ताई, आभार. पण मग तारा घ्याव्यात की अलायनर?

सी-२०१ : मी दातांच्या रंगाच्या सिरॅमिक तारा २० महिने वापरल्या. लांबून त्या दिसत नाहीत हे खरे. पण तार धरून ठेवणारी पारदर्शक रबराची बारीक कडी असते ना, ती हळदीने पिवळी पडते. शनिवारी नवी कडी बसवून आले आणि रविवारी आमटी-भात जेवले की सोमवारी ऑफिसात आरशासमोर तोंड मिटून उभी. पुढे मी सरळ राखाडी कडी मागू लागले. धातूच्या तारा स्वस्त आणि टिकाऊ असतात, म्हणून आज निवडायचे झाले तर वरच्या पुढच्या सहा दातांना सिरॅमिक आणि बाकी सगळीकडे धातू, असेच करीन. चिक्की आणि सुपारी मात्र दोन्हींत बंद.

डी-५०४ : मी अलायनरवाला. दिवसातून २० ते २२ तास ते तोंडात हवेत आणि पाण्याशिवाय काहीही घ्यायचे तर काढावे लागतात, ही अट मी सही करताना वाचली, समजली मात्र नंतर. मला दिवसात पाच चहा लागतात. प्रत्येक वेळी काढा, प्या, चूळ भरा, पुन्हा बसवा. एका लग्नात मी जोडी कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली आणि वाढप्याने ताटासकट ती उचलून नेली. एकेक जोडी दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते, त्यामुळे हयगय केली की पुढची जोडी बसतच नाही. शिवाय जाहिरातीत ‘अदृश्य’ म्हणतात, पण पकड मिळावी म्हणून दातांवर बारीक उंचवटे चिकटवतात, ते जवळून दिसतात. ब्रश करणे मात्र फारच सोपे, आणि किटणाची तक्रार असलेल्या माणसाला ही गोष्ट लहान नाही.

ए-१०३ : घरपोच साचे पाठवणाऱ्या कंपन्या स्वस्त पडतात असे ऐकले.

डी-५०४ : काका, त्या वाटेला जाऊ नये. एक्स-रे न पाहता मुळे आणि हाड कसे आहे हे कोणाला कळणार? अमेरिकेतली अशीच एक कंपनी, स्माइलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेले ग्राहक वाऱ्यावर सुटले.

सी-२०१ : सहमत. तार असो वा अलायनर, डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेले असावेत. खर्चाची अडचण असल्यास सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात विचारावे; वेळ मोडतो, पण पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामावर प्राध्यापकांची नजर असते.

बी-४०२ : शनिवारी आधी हिरड्या दाखवतो. मग दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारेन : माझ्या दातांना जागा करण्यासाठी कडा थोड्या घासून भागेल, की दात काढावा लागेल?

सी-२०१ : त्यासोबत रिटेनरचा, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्याचा, खर्चही विचारा. खालचे पुढचे दात पुन्हा वाकडे होण्यात सर्वांत पटाईत असतात. माझ्या तारा निघाल्यावर गावी जाताना रिटेनर इथेच विसरला. आठवड्याने परतले तेव्हा तो बसवताना डोळ्यांत पाणी आले. आता चार वर्षे झाली, रोज रात्री तो लावूनच झोपते.