शब्दचर्चा: ‘गॅसलाइटिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

मॅटिनी:
सध्या जुने हॉलिवूडपट बघण्याचा सपाटा लावलाय. ‘रिबेका’ (१९४०) झाला, ‘नटोरियस’ (१९४६) झाला आणि आता जॉर्ज क्यूकरचा ‘गॅसलाइट’ (१९४४). हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द याच्या नावावरून आला, एवढं माहीत होतं. चित्रपट आवडला, त्याबद्दल खाली लिहितेच. पण आईला गोष्ट सांगायला गेले आणि तिथे अडले. ‘गॅसलाइट’ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे आली वरातीतली गॅसबत्ती: पंप मारलेली, मँटलवाली, डोक्यावर धरून नेतात ती. आणि गॅसलाइटिंग म्हणजे काय, हे सांगायला मला सहा-सात वाक्यं लागली. याला आपल्याकडे सुटसुटीत शब्द नाही का?

(पुढे रहस्यभेद आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.)

गोष्ट अशी. लंडनमधल्या एका घरात ॲलिस अल्क्विस्ट या प्रसिद्ध गायिकेचा खून होतो. तिने सांभाळलेली भाची पॉला (इन्ग्रिड बर्गमन) पुढे लग्न होऊन नवऱ्यासोबत, ग्रेगरीसोबत (चार्ल्स बॉयर), त्याच घरात राहायला येते. मग तिच्या वस्तू हरवू लागतात. नवऱ्याने दिलेला ब्रोच पर्समधून नाहीसा होतो, भिंतीवरची तसबीर गायब होते आणि ती तिलाच शोधायला लावली जाते. ‘तू हल्ली फार विसरतेस’, ‘तूच काढून ठेवलीस’, ‘असं पत्र कधी नव्हतंच’, असं नवरा इतक्या मायेने सांगतो की तिला ते पटायला लागतं. हेच ते गॅसलाइटिंग. बॉयर एरवी रोमँटिक नायक, म्हणून तर त्याचा तो मऊ आवाज जास्त भीतिदायक वाटला. चार लोकांतल्या त्या मैफलीत, जिथे त्याचं घड्याळ तिच्याच पर्समध्ये निघतं आणि ती कोलमडते, तिथे मला चक्क पॉज करून पाणी प्यावं लागलं.

कोशकीटक:
‘वेड्यात काढणे’ आहे की! रोजच्या वापरातला आहे, शोधायला नको.

मॅटिनी:
तो पहिला सुचला होता. पण ‘मला वेड्यात काढू नकोस’ हे आपण कधी म्हणतो? समोरचा आपल्याला मूर्ख समजतोय हे कळल्यावर, आणि चिडून. पॉला चिडत नाही, उलट माफी मागते. जिला ‘मला वेड्यात काढू नकोस’ म्हणता येतं, तिच्यावर हा प्रयोग फसला असं समजायचं.

रत्नांग्री:
चकवा. आमच्याकडे रात्री रानातून येताना माणसाला चकवा लागला की पायाखालची वाट असूनही तो त्याच त्याच जागी फिरत राहतो. सकाळी उजाडल्यावर कळतं की घर हाकेच्या अंतरावर होतं. पॉलाचं नेमकं हेच झालंय, तेही स्वतःच्याच घरात.

कोशकीटक:
चित्र झकास आहे, व्याकरणात पंचाईत. चकवा ‘लागतो’, तो कुणी कुणाला ‘लावत’ नाही. कर्ता हवा असेल तर ‘चकवा देणे’ येतं आणि ते वर्तमानपत्रांनी पोलिसांसाठी राखून ठेवलंय: ‘पोलिसांना चकवा देऊन आरोपी पसार’. ‘नवरा तिला चकवा देतो’ म्हटलं की नवरा खिडकीतून पळाला असं वाटेल.

(तसा तो रोज संध्याकाळी घराबाहेर पडून चोरवाटेने परत येतोच म्हणा.)

घडीचीपोळी:
बुद्धिभेद? गीतेतला आहे, ‘न बुद्धिभेदं जनयेत्’. भारदस्त आणि आयता.

कोशकीटक:
भारदस्तपणाच आड येतो. शिवाय मराठीत आता तो राजकारणाचा झालाय. बुद्धिभेद जनतेचा होतो, मतदारांचा होतो, तरुण पिढीचा होतो. एका बाईला तिच्या स्वयंपाकघरात ‘तूच डबा हलवलास’ असं सांगणं म्हणजे बुद्धिभेद, हे कानाला पटत नाही. आणि बुद्धिभेद मतांचा असतो. इथे प्रश्न मतांचा नाही, डोळ्यांनी पाहिलेल्याचा आहे.

तिसरी घंटा:
शब्दांकडे येतो. आधी चित्रपटातल्या गॅसच्या दिव्याबद्दल, कारण त्यावरून एक गैरसमज सर्रास दिसतो. नवरा बायकोला वेडं ठरवण्यासाठी दिवे मंद करतो आणि ‘दिवे तर तसेच आहेत’ म्हणतो, असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. चित्रपटात तसं नाही.

त्या काळी दगडी कोळशापासून काढलेला वायू नळांतून घरोघर येई आणि भिंतीवरच्या दिव्यांत जळे. आपल्याकडे मुंबईचे रस्तेही १८६५ पासून असेच उजळू लागले. (मॅटिनी, आईला हे सांगा. वरातीतली बत्ती रॉकेलवर चालते, नळावर नाही.) घरात एका ठिकाणी दिवा लावला की दाब विभागला जाऊन इतर दिव्यांची ज्योत जरा खाली जायची. ग्रेगरी रोज संध्याकाळी बाहेर पडतो, मागच्या बाजूने फिरून शेजारच्या रिकाम्या घरातून छपरावाटे आपल्याच माळ्यावर उतरतो आणि खून झालेल्या गायिकेचे दागिने शोधण्यासाठी तिथला दिवा लावतो. खाली पॉलाच्या खोलीतली ज्योत खाली जाते. हे त्याने ठरवून केलेलं नाही. त्याच्या बेतातली ती एक फट आहे.

म्हणून तर पुढे स्कॉटलंड यार्डचा कॅमेरॉन (जोसेफ कॉटन) तिच्या खोलीत असताना ज्योत खाली जाते, ती त्यालाही दिसते आणि तो तसं म्हणतो, तेव्हा पॉलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी बर्गमनला ऑस्कर मिळालं असं मला वाटतं. (ऑस्कर खरंच मिळालं. कृष्णधवल चित्रपटांच्या कलादिग्दर्शनाचं दुसरं.) कुणीतरी आपल्याबरोबर तेच पाहिलं, एवढ्यावर ती शहाणी ठरते. त्या घरात गॅसचा दिवा एवढाच काय तो खरं बोलतो. आणि छळाला नाव पडलं ते नेमकं त्याचं! साक्षीदाराच्या नावाने गुन्हा नोंदवावा तसं झालंय. तेव्हा मराठी शब्द शोधताना दिवा, उजेड, अंधार यांच्या मागे लागू नका.

मॅटिनी:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे ‘दीपछल’ बाद. (हो, मी सुचवणार होते. हसू नका.)

रत्नांग्री:
मग चित्रपटात हा शब्द आजच्या अर्थाने येतच नाही?

तिसरी घंटा:
नाही. मूळ पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८ सालचं नाटक, नाव ‘गॅस लाइट’च. ब्रॉडवेवर ते १९४१ मध्ये ‘एंजल स्ट्रीट’ नावाने आलं, नवऱ्याच्या भूमिकेत व्हिन्सेंट प्राइस होता. शब्द मागाहून बनला. १९६९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या नावाखाली लेख आला. जोडीदाराला मनोरुग्ण ठरवून रुग्णालयात धाडण्याचे प्रकार, हा त्याचा विषय. आणि २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने ‘गॅसलाइटिंग’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. शब्द एवढा गाजला की आता कुणी साधं खोटं बोललं किंवा नुसतं असहमत झालं तरी लोक तोच वापरतात. त्याची धार गेलीय.

वेळ मिळाला तर १९४० सालचा ब्रिटिश ‘गॅसलाइट’ही बघा. दिग्दर्शक थोरॉल्ड डिकिन्सन, नवरा अँटन वॉलब्रुक, बायको डायना विन्यार्ड. तो आटोपशीर आहे, आणि वॉलब्रुक बॉयरपेक्षा जास्त निर्दय वाटतो. मला तोच उजवा वाटतो, भांडायला तयार आहे. १९४४च्या चित्रपटासाठी एमजीएम स्टुडिओने हक्क घेतले तेव्हा या आधीच्या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा प्रयत्न झाला, असं सांगितलं जातं. ‘असा चित्रपट कधी नव्हताच!’

कोशकीटक:
हाहा. मग स्टुडिओने कुणाला काय केलं म्हणायचं, त्यालाच शब्द हवाय ना?

घडीचीपोळी:
भांडायला मी येते. ब्रिटिशवाला आटोपशीर असेल, पण त्यात अँजेला लॅन्सबरी नाही! पहिलाच चित्रपट, वय जेमतेम सतरा-अठरा, आणि त्या नॅन्सी मोलकरणीची मालकिणीकडे बघण्याची ती तऱ्हा... पहिल्याच फटक्यात सहायक अभिनेत्रीचं नामांकन. शिवाय यात एक कळीची गोष्ट दिसते. ग्रेगरी एकटा काही करू शकत नाही. बाईसाहेबांची तब्येत बरी नसते, हे तो नोकरांच्या गळी उतरवतो, बाहेर जाणं बंद करतो, येणाऱ्यांना परत पाठवतो. तेव्हा ‘वेडं ठरवणे’ हा घटक पण शब्दात यायला हवा.

आता माझा उमेदवार: तेजोवध. शल्य कर्णाचा सारथी होतो आणि भर युद्धात त्याला घालूनपाडून बोलत राहतो. उद्योगपर्वात युधिष्ठिराने शल्याकडून तसं वचनच घेतलेलं असतं. आतल्या माणसाने आतून खच्ची करणं, इतका जुना शब्द आपल्याकडे आहे.

मॅटिनी:
हा मला ‘रिबेका’साठी चपखल वाटतो. तिथली घरकारभारीण मिसेस डॅनव्हर्स नव्या मालकिणीला (जोन फाँटेन; तिला अख्ख्या चित्रपटात नाव नाही!) पहिल्या बायकोशी सतत तोलत राहते, फसवून तिच्यासारखाच पोशाख घालायला लावते आणि मग उघड्या खिडकीशी उभं करून उडी मारायला सुचवते. तो तेजोवध. पण जोन फाँटेनला आपण काय पाहिलं, काय ऐकलं, याबद्दल शंका नसते. आपण या घराच्या लायक नाही असं तिला वाटतं, इतकंच. कर्णालाही शल्य आपल्याला टोचतोय हे कळत होतं.

कोशकीटक:
बरोबर. तेजोवधात आत्मविश्वास जातो. इथे डोळ्यांवरचा, कानांवरचा विश्वास जातो.

रत्नांग्री:
याच जातीचा आणखी एक: हिचकॉकचा ‘द लेडी व्हॅनिशेस’ (१९३८). तो इंग्लंडमधला, हॉलिवूडचा नव्हे, पण इथे शोभतो. आगगाडीत एक म्हातारी नाहीशी होते आणि सगळे प्रवासी ‘अशी कोणी नव्हतीच’ म्हणतात. नायिकेच्या डोक्याला आधी मार लागलेला, त्यामुळे डॉक्टरला ‘तुला भास झाला’ म्हणायला आयतं कारण. गंमत म्हणजे सगळे कटात सामील नसतात. एका जोडप्याला आपलं लफडं बाहेर यायला नको असतं, आणि दोन क्रिकेटवेड्यांना गाडी थांबली तर मँचेस्टरची टेस्ट हुकेल ही चिंता. इथेही पुरावा क्षुल्लक वस्तूचाच: म्हातारीने खिडकीच्या काचेवर बोटाने लिहिलेलं स्वतःचं नाव, आणि बाहेर फेकलेल्या चहाच्या पुड्याचं वेष्टन.

तिसरी घंटा:
आणि ती म्हातारी म्हणजे मे व्हिटी, ‘गॅसलाइट’मधली चौकस शेजारीण मिस थ्वेट्स! एकदा नाहीशी झाली आणि सहा वर्षांनी दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकवायला परत आली.

घडीचीपोळी:
रत्नांग्री, तुमच्या ‘भास झाला’वरून सुचलं. ‘वेड्यात काढणे’च्या चालीवर ‘भासात काढणे’ कसं वाटतं? समोरच्याने पाहिलेलं, ऐकलेलं, आठवणारं सगळं भास म्हणून निकालात काढणे.

‘ग्रेगरी पॉलाला पद्धतशीरपणे भासात काढतो.’
‘मी मेसेज वाचून दाखवला तरी त्याने मला भासात काढलं.’
‘सासूबाई सगळ्यांदेखत मला भासात काढतात.’

कोशकीटक:
अरे वा. पहिल्यांदा ऐकताना अडखळायला होतं, पण अर्थ लागतो. क्रियापदही ओळखीचं. एक शंका: ‘भासात काढणे’ ही कृती झाली, एका वेळची. गॅसलाइटिंग हा दीर्घकाळ चालणारा प्रकार. त्याला नाम काय? ‘भासकाढणी’ म्हटलं तर शेतीची कामं आठवतात.

मॅटिनी:
नामाची घाई कशाला? मराठीला या बाबतीत क्रियापद जास्त मानवतं. आपण ‘कानभरणी’ क्वचित म्हणतो, पण ‘कान भरणे’ रोज. ‘खोटं बोल पण रेटून बोल’ यातही नाम नाही.

कोशकीटक:
मग नोंद अशी करतो. मैत्रिणीच्या नवऱ्याबद्दल बोलताना: भासात काढणे. सभेत: बुद्धिभेद. ‘रिबेका’सारख्या ठिकाणी: तेजोवध. समुपदेशक, वकील, मानसशास्त्राचे विद्यार्थी सरळ ‘गॅसलाइटिंग’ लिहोत, देवनागरीत. तिथे व्याख्या नेमकी लागते आणि नवा शब्द घोळ घालेल. ‘चकवा’ मात्र मला सोडवत नाही.

रत्नांग्री:
चकवा पॉलाच्या बाजूने वापरा. ‘तिला नवऱ्याने भासात काढलं आणि वर्षभर ती चकव्यात फिरत होती.’ झालं काम.

तिसरी घंटा:
आणखी एक जोडा. शेवटच्या प्रसंगाला आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे. ग्रेगरीला खुर्चीला बांधलेलं असतं, तो पॉलाला एकटीला बोलावून दोर कापायला सांगतो. ती सुरी घेते आणि म्हणते, ही सुरी आहे का माझ्या हातात? मी तर वेडी, मी सगळं हरवते, वेड्या बाईने नवऱ्याला कशी मदत करावी? इतके दिवस त्याने जे वेड तिच्या गळ्यात मारलं, तेच ती पांघरते. वेड पांघरून पेडगावला जाणे, दुसरं काय!

घडीचीपोळी:
हे वाचून आज रात्री पुन्हा बघणार. पण बॉयरवालाच.

तिसरी घंटा:
मी वॉलब्रुकबद्दल एवढं लिहिलं ते?

घडीचीपोळी:
कुठे? तुम्ही तसं काही लिहिलंच नव्हतं.