द्विस्तरीय पडताळणी: घरात एकच मोबाईल असलेल्या विद्यार्थ्यांची सोय कशी करावी?

नमस्कार,

मी गोव्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात काम करतो. येत्या सत्रापासून आमच्याकडे सर्वांच्या ईमेल खात्यांना पासवर्डखेरीज पडताळणीची दुसरी पायरी सक्तीची होणार आहे. हा निर्णय मला मनापासून पटतो, कारण एका प्राध्यापकाचा पासवर्ड चोरीला गेला, तर त्यांच्याच नावाने साऱ्या वर्गाला फसवे पत्र जाऊ शकते.

प्रश्न आहे तो दुसरी पायरी कोणती असावी, हा. सत्तरी, सांगे, काणकोण भागातील काही मुलांच्या घरी पावसाळ्यात वीज गेली की मोबाईलची रेंजही जाते, आणि शेजारी कुठे वायफाय मिळाले तरी एसएमएसने येणारा ओटीपी पोहोचत नाही. शिवाय लबाडीने दुसरे सिम काढून ओटीपी पळवता येतो, तो धोका वेगळाच. ऑथेंटिकेटर ॲपला रेंज लागत नाही; नोंदणीच्या वेळी मिळालेली गुप्त किल्ली आणि घड्याळातील वेळ यांवरून ते साधारणपणे दर ३० सेकंदांनी फोनवरच सहा अंकी क्रमांक तयार करते. मात्र घरातला एकमेव स्मार्टफोन घेऊन थोरला भाऊ कामावर गेला, की त्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या खात्यातच शिरता येत नाही. सुरक्षेच्या नावाखाली नेमक्या याच मुलांचा अभ्यास अडावा, हे मला मान्य नाही.

अशा विद्यार्थ्यांना एकदाच चालणारे बॅकअप कोड छापून द्यावेत, असा माझा विचार आहे. यूएसबी सिक्युरिटी की, म्हणजे ओळख पटवण्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, अधिक भक्कम खरी, कारण ती बनावट संकेतस्थळाला प्रतिसादच देत नाही. पण प्रत्येकासाठी ती विकत घेण्याइतका निधी नाही, म्हणून गुणपत्रिका हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरतीच ती घ्यावी असे वाटते.

छापील कोड कोणी प्रत्यक्ष राबवले आहेत का? कोड संपल्यावर नवे कसे दिलेत?

दुसरी चिंता फोन हरवल्यावरची आहे. नुसत्या दूरध्वनीवरून पडताळणी काढून दिली, तर भामट्यालाही तोच मार्ग मोकळा होतो. ओळखपत्र घेऊन समक्ष येण्याची अट घातली, तर चवथीच्या सुट्टीत गावी गेलेल्या मुलाने काय करावे? दूर असलेल्या विद्यार्थ्याची ओळख खात्रीने पटवण्याची आपल्याकडील पद्धत कृपया सविस्तर सांगावी.