आय-८६४ (स्पॉन्सरची आर्थिक हमी): धंदा स्वतःचा, शेड्यूल सीवर नफा कमी. बायकोच्या ग्रीन कार्डसाठी उत्पन्न कसं दाखवायचं?

एडिसनकर (सप्टेंबर २०२५)

मी अमेरिकन नागरिक. न्यू जर्सीत घरदुरुस्तीची कामं घेतो, सोल प्रोप्रायटर आहे, डब्ल्यू-२ (मालक देतो तो पगाराचा दाखला) नाही. बायको नाशिकला, आय-१३० (तिच्यासाठीचा मूळ अर्ज) मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) आली आहे. २०२४च्या रिटर्नवर उलाढाल ६१,००० डॉलर, पण व्हॅन, हत्यारं, विमा, घसारा वजा जाऊन शेड्यूल सीच्या (रिटर्नमधलं धंद्याच्या नफ्या-तोट्याचं पान) ३१व्या ओळीवर २२,६०० उरतात. दुसरं उत्पन्न नाही. यंदा ऑगस्टअखेर निव्वळ २३,००० सुटलेत.

दोघांच्या घराला वर्षाचं किमान उत्पन्न २६,४३७ डॉलर लागतं असं वाचलं. मग उलाढाल दाखवता येते का? निदान घसारा परत मिळवून? की जुनं रिटर्न सुधारून भरू? बायकोचा शाळेतला पगार धरतात का? आई माझ्याकडेच राहते, २०२१ला मीच स्पॉन्सर करून आणलं, ग्रीन कार्ड आहे. मेहुणा टेक्सासला एच-१बीवर आहे, तो जॉइंट स्पॉन्सर (जोडीने हमी देणारा) म्हणून सही द्यायला तयार आहे.

हिशोबनीस

उलाढाल विसरा. फॉर्म मागतो ते १०४०वरचं (वार्षिक टॅक्स रिटर्न) एकूण उत्पन्न, म्हणजे ९वी ओळ. शेड्यूल सीचा नफा शेड्यूल १मधून तिथे येतो, तोही खर्च वजा होऊनच. घसारा परत मिळवायची सोय नाही. एक मात्र बघा: बरेच जण चुकून ११वी ओळ लिहितात. तिथे सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा अर्धा भाग, स्वतःचा आरोग्य विमा, सेप-आयआरए (निवृत्तीची बचत) हे सगळं वजा झालेलं असतं, त्यामुळे धंदेवाल्याचा आकडा उगाच दीड-दोन हजारांनी खाली जातो.

१०४०-एक्स (सुधारलेलं रिटर्न) खरंच उत्पन्न दाखवायचं राहिलं असेल तरच भरा. खरे खर्च काढून टाकून नफा फुगवला तर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वर बसतो, आणि केस एनव्हीसीत असताना सुधारलेलं रिटर्न अधिकाऱ्याच्या डोळ्यात भरतं ते वेगळंच.

तुमचा खरा आधार म्हणजे 'सध्याचं वार्षिक उत्पन्न' हा रकाना. तो मागच्या रिटर्नशी जुळायलाच हवा असं नाही. २३,००० भागिले ८ गुणिले १२, म्हणजे ३४,५००. पण नोकरदार मालकाचं पत्र जोडतो, तुम्हाला ते नाही, म्हणून आकड्यामागे कागद उभा करावा लागतो: जानेवारी ते ऑगस्टचं महिनावार नफा-तोटा पत्रक (सीपीएच्या, म्हणजे परवानाधारक अकाउंटंटच्या सहीचं असेल तर उत्तम), त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट, १०४०-ईएसचे (आगाऊ टॅक्स) एप्रिल, जून आणि सप्टेंबरचे हप्ते भरल्याच्या पावत्या, हातातल्या कामांचे करार. हप्त्यांना मी सगळ्यात जास्त वजन देईन. ३४,५०० कमावतो म्हणणाऱ्याने टॅक्सचा आगाऊ हप्ता २२,०००च्या हिशोबाने भरला असेल, तर त्याचं पत्रक कोण मानणार? घरदुरुस्ती करणाऱ्याला हिवाळ्यात काम कमी असतं हेही अधिकाऱ्याला कळतं, तेव्हा मागच्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवा.

रिटर्नच्या झेरॉक्सऐवजी आयआरएसचं (टॅक्स खातं) ट्रान्सक्रिप्ट लावा, फुकट मिळतं. झेरॉक्स लावलीत तर शेड्यूल सीसकट सगळी शेड्यूल्स आणि १०९९ (मिळालेल्या मोबदल्याचे दाखले) हवेत. आणि आय-८६४ईझेड हा छोटा फॉर्म तुमच्यासाठी नाही, तो फक्त डब्ल्यू-२वर दिसणाऱ्या पगार-पेन्शनवाल्यांचा.

सातारी_टेक्सासात

वरचं सगळं बरोबर, पण २६,४३७ हा आकडाच तुम्हाला लागू नाही. आईसाठी केलेली आय-८६४ची सही अजून जिवंत आहे. ती नागरिक होईपर्यंत किंवा कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या) भरेपर्यंत तुमच्या कुटुंबात मोजली जाते, वेगळी राहत असती तरीही. म्हणून माणसं तीन: २०२५च्या तक्त्याप्रमाणे ३३,३१२. तक्ता दरवर्षी बदलतो, फॉर्म दाखल करताना चालू असलेला घ्या.

आता ३४,५०० मानले तर जेमतेम पार. नाही मानले तर ३३,३१२ वजा २२,६००, म्हणजे १०,७१२ची तूट. नागरिकाच्या जोडीदाराला तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते (ग्रीन कार्डवाल्याच्या जोडीदाराला पाचपट), म्हणजे ३२,१३६ डॉलर. वर्षभरात रोख होईल असंच धरतात. एकच गाडी असेल तर ती नाही.

बायकोचा पगार धरत नाहीत, कारण इकडे आल्यावर ती नोकरी राहत नाही. तिची शिल्लक, एफडी मात्र धरता येते. एच-१बीवाला मेहुणा चालणार नाही. जॉइंट स्पॉन्सर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा, आणि अमेरिकेत राहणारा.

एडिसनकर

म्हणजे तीन. बायकोच्या नावावर ८ लाखांची एफडी आहे. गंगापूर रोडला फ्लॅट आहे, पण तिच्या आणि सासऱ्यांच्या नावे. गावी सात-बाऱ्यावर माझंही नाव आहे. यातलं काय लावू?

सातारी_टेक्सासात

एफडी लावा. साधारण ९,००० डॉलर होतात, तिप्पटीच्या हिशोबाने त्याने ३,०००ची तूट भरते. बँकेकडून १२ महिन्यांच्या जमा-नावेचा तपशील घ्या. मुलाखतीच्या आधी महिनाभरात कुणीतरी टाकलेली रक्कम त्यात लगेच दिसते.

फ्लॅटमध्ये फक्त तिचा हिस्सा, तोही कर्ज वजा करून. रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि पैसा बाहेर नेता येतो याचं कारण: निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण सासऱ्यांच्या सहीशिवाय विकता येत नाही, म्हणजे वर्षभरात रोख होईल हे पटवणं कठीण. सात-बारा तर सोडाच. सामाईक शेतजमीन कोण वर्षात विकून दाखवणार?

हिशोबनीस

तुमचे आकडे इतके काठावर आहेत की जॉइंट स्पॉन्सर आत्ताच शोधा. त्याला स्वतःच्या घरची माणसं अधिक तुमची बायको एवढंच मोजायचं. तुमची आई त्याच्या हिशोबात नाही. चौघांचं घर असेल तर २०२५च्या तक्त्याने पाच माणसांचे ४७,०६२. तुमचा आय-८६४ तरीही लागतोच. त्याला हेही आधी सांगा की तुमचा घटस्फोट झाला तरी त्याची सही सुटत नाही.

एनव्हीसीने 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड' (कागद पूर्ण) म्हटलं म्हणजे उत्पन्न मान्य झालं असं नाही. तो निर्णय मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये, मुलाखतीत. तिथे पटलं नाही तर २२१(जी), म्हणजे केस तूर्त अडवल्याचा कागद हातात पडतो आणि कागद पुन्हा पाठवावे लागतात. मुलाखत नव्या वर्षात गेली तर बायकोजवळ डिसेंबरअखेरचं ताजं पत्रक आणि १५ जानेवारीच्या हप्त्याची पावती द्या. १५ एप्रिलनंतर गेली तर २०२५चं रिटर्नच मागतील. मुदतवाढ घेतली असेल तर ४८६८ची प्रत जोडा, पण तुमच्या बाबतीत वाढवू नका. यंदाचा नफा खरंच ३४,०००च्या घरात गेला तर फेब्रुवारीतच रिटर्न भरून टाका, मग बाकीच्या कागदांची गरज निम्मी होते.