सुशीलकुमार शिंदे : सोलापुरातून लोकसभा किती वेळा जिंकले?

विजापूर वेस : कुणी 3 विजय म्हणतं, कुणी 4. पराभवांचे नेमके आकडे कुणाकडे आहेत का?

होटगी रोड : विजय 3 : 1998, 1999, 2009. पराभव 2 : 2014, 2019. चौथा विजय धरणारे बहुधा राज्यसभेची वर्षं मिसळतात. 2003ला मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी खासदारकी सोडली. त्या पोटनिवडणुकीत भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील आले. 2004ला उमेदवार त्यांच्या पत्नी उज्वलाताई होत्या, त्या सुभाष देशमुखांकडून हरल्या. तो पराभव शिंदेसाहेबांच्या खाती टाकू नका.

अक्कलकोट नाका : आकडे देतो. 2009ला शरद बनसोडेंवर 99,632 मतांनी विजय. 2014ला त्याच बनसोडेंकडून 1,49,674 मतांनी पराभव. 2019ला भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी 5,24,985, शिंदे 3,66,377, वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर 1,70,007. शिंदे आणि आंबेडकरांची बेरीज स्वामींपेक्षा 11,399ने जास्त भरते! पण सगळी मतं एकगठ्ठा वळली असती असं धरणं चूक. आणि 2014ला आंबेडकर इथं नव्हते, तरी दीड लाखाचा फरक पडलाच होता.

विजापूर वेस : आभारी आहे. मग 1999 आणि 2009ची थेट तुलना करता येईल?

होटगी रोड : नको. 2009पासून मतदारसंघ पुनर्रचनेमुळे हद्दी बदलल्या, जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. आता मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर असे 6 विधानसभा मतदारसंघ आहेत. मतदान केंद्रनिहाय मतं हवी असतील तर फॉर्म 20 (निवडणूक आयोगाचा अंतिम निकालाचा तक्ता) बघा, एकूण आकड्यांवरून शहर-ग्रामीण फरक कळत नाही.