मदत हवी आहे : काहिलीतला (गूळ करायच्या मोठ्या कढईतला) उसाचा रस १०० च्या वर का तापतो?

मंडळी, कोणी फिजिक्सवाले असतील तर जरा सांगा. मी वाळव्याकडचा, शेजारच्या गुऱ्हाळावर भाची तिच्या प्रोजेक्टसाठी लांब दांडीचा थर्मामीटर घेऊन गेली होती. तिच्या पुस्तकात लिहिलंय की उकळी फुटली की पाण्याचं तापमान वाढत नाही, खालून कितीही जाळ घाला, सगळी उष्णता वाफ करण्यातच जाते, ग्रॅममागे ५४० कॅलरी. हे मला पटतं, घरी पाणी उकळून बघितलं तर काटा ९८ ला येऊन थांबला, आपल्याकडं समुद्रसपाटीपेक्षा ५५० मीटरभर उंची आहे म्हणून हवेचा दाब कमी, ते ठीक.

पण काहिलीत तसं होईना की! रसावरची मळी काढेपर्यंत काटा शंभरच्या आसपास, काकवीला १०५ च्या पुढं, आणि गूळ उतरवताना सरळ ११८. उकळतंय तर सगळा वेळ. साखर दाट होत जाते म्हणून उत्कलनबिंदू वर सरकतो असं मला वाटतं, पण साखर पाण्याला धरून ठेवते म्हणजे नेमकं काय करते, हे तिला समजेल असं कसं सांगू? गुळव्याला विचारलं तर तो म्हणाला, पाण्यात टाकून गोळी झाली की उतरव, थर्मामीटर तुझ्यापाशीच ठेव.

अजून एक, वाफ्यात (गूळ निवायला ओततात त्या उथळ हौदात) ओतल्यावर गूळ घट्ट होतो त्याला गोठणं म्हणायचं का स्फटिक होणं? आणि रंग तांबूस होतो तो तर रासायनिक बदलच ना? ती भौतिक बदलाच्या रकान्यात लिहून बसलीय.